छत्र्यांचं बदक

भिंगरीला वाटलं होतं, त्या शहरात पाऊल ठेवल्याबरोबर आई एक खोल, मोकळा श्वास घेईल. आईने पाऊल ठेवलं, खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "बाबांनी काही खाल्लं असेल का गं?"

भिंगरीला वाटलं होतं, आज आईच्या डोळ्यांत वेगळीच चमक दिसेल. पण त्या डोळ्यांवर भिंगरीनेच आग्रह करून गॉगल चढवला होता, त्यामुळे चमक असलीच तरी ती दिसायची सोय राहिली नव्हती.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही म्हणून बाबांनी पाडलेलं ते नाव. पुढे ती शिकायला दूरदेशी गेली, पदव्या घेतल्या, परिषदांमधून बोलली, पण घराचा उंबरठा ओलांडून आत आली की पुन्हा भिंगरीची भिंगरी. परत येताना विमानातच तिने ठरवलं होतं की आता समाज बदलायचा. समाज जरा मोठा पडतो आणि हव्या त्या वेळी सापडत नाही, म्हणून तिने सुरुवात आई-बाबांपासून केली. (ते दोघं नेहमी घरीच असत.)

समाजाचं काय चुकतं हे तिला विद्यापीठात कळलं होतं. आई-बाबांचं काय चुकतं हे मात्र तिने लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलं होतं. ते चित्र तिच्या मनावर कोरलेलं होतं: एखादं दुकान. आई कशावरून तरी हात फिरवते आहे. दारात बाबा उभे, कपाळाला ह्या एवढ्या आठ्या. "चल, उशीर होतोय." आई हातातली वस्तू खाली ठेवते, मान खाली घालते आणि मुकाट बाबांच्या मागून चालू लागते. बाबांच्या बोटाला धरून छोटी भिंगरी. मग बाबा रस्त्यात कुठेतरी थांबत, आई मागे गेलेली असे, आणि बऱ्याच वेळाने परते ती कधी रिकाम्या हाताने, कधी पिशवी घेऊन. पिशवी असली की भिंगरीचा ऊर भरून यायचा. आईने आज बंड केलं!

ह्या विषयावर तिने तिकडे एक निबंध लिहिला होता, 'माझी आई आणि बाजार'. तो ऐकून तिच्या प्राध्यापिकेने चष्मा काढून डोळे पुसले होते.

तेव्हा नोकरीच्या पहिल्या बचतीतून तिने तिघांची क्रूझची तिकिटं काढली, त्यामागे नुसती हौस नव्हती, विचार होता. जहाज वाटेत एकाच शहराला लागणार होतं. सकाळी उतरायचं, संध्याकाळी परत. शहर बाजारासाठी प्रसिद्ध. एक दिवस, एक आई आणि एक बाजार. निबंधाचा शेवट तिला प्रत्यक्षात लिहायचा होता.

त्या दिवशी सकाळी आई जहाज धक्क्याला लागताना बघायला वर डेकवर गेली होती. बाबा केबिनमध्ये पलंगाच्या कडेला बसून बुटाच्या नाड्या बांधत होते. अंगात तो कॉलर विरलेला, विटका शर्ट. क्रूझवर येतानासुद्धा ह्या माणसाने हा शर्ट बरोबर घ्यावा! भिंगरीच्या डोक्यात सणक गेली.

"बाबा, एक सांगू? तुम्ही आज येऊ नका."

बाबांनी मान वर केली.

"एक दिवस तरी तिला तिच्या मनासारखं काही घेऊ द्या. तुम्ही आलात की तेच होणार. 'चल, उशीर होतोय' म्हणून ओढत बाहेर काढाल तिला. लहानपणापासून बघत आलेय मी. आता मोठी झालेय, म्हणून बोलतेय."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलणार असं वाटलं, ओठांच्या कोपऱ्याशी आलंही असावं. मग ते खाली वाकले आणि बांधलेल्या नाड्या सोडू लागले.

"बरं," ते म्हणाले.

एवढंच. भिंगरीने जोरदार वाद घालायची तयारी केली होती. तिच्याकडे मुद्दे होते, दाखले होते. सगळे तसेच राहिले.

आईला तिने सांगितलं, बाबांचं पोट बिघडलंय. (खरं बोलायचं म्हणजे बोलायचंच, हा भिंगरीचा बाणा होता, पण कार्य मोठं असलं की बाण्याला थोडं बाजूला उभं करावं लागतं.) आईनेही बाजारासाठी एक धुऊन धुऊन फिकटलेला ड्रेस घातला होता आणि हातातलं चांगलं घड्याळ काढून ठेवलं होतं. भिंगरीने तो ड्रेस बदलायला लावला. नवा कोट, घड्याळ, वर गॉगल.

"अगं, बाजारात का कुणी असं नटून जातं?" आई कुरकुरली.

"नटून नाही आई, ताठ मानेने जायचं."

"मान ताठ ठेवली की भाव पण ताठ राहतो," आई म्हणाली. पण भिंगरीचं तिकडे लक्ष नव्हतं.

शहर गजबजलेलं होतं. डोक्यावर तारांची गुंतवळ, वरच्या मजल्यांवरच्या एसींचं थेंब थेंब गळणारं पाणी, फुटपाथवर मांडलेल्या चपला, छत्र्या, पिंजरे, मोबाइलची कव्हरं, आणि ह्या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या स्कूटर. मॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही हे भिंगरीने आधीच ठरवलं होतं. ती आईला घेऊन क्रॉकरीच्या गल्लीत शिरली.

दुकान अरुंद आणि खोल. जमिनीपासून छतापर्यंत बशांच्या चळती, त्यांच्यामधून एक माणूस कसाबसा आडवा होऊन जाईल एवढी वाट. टोकाला स्टुलावर दुकानदारीणबाई, गळ्यात दोरीने कॅल्क्युलेटर लटकवलेला.

आई आत शिरली आणि एका चहाच्या सेटसमोर क्षणभर थांबली. पातळ कप, फिका निळा रंग, कानही नाजूक. तिने एका कपावर नखाने हलकेच टिचकी मारली. टण्. आणि लगेच, जसं काही भाजलं, तशी त्या सेटकडे पाठ करून उभी राहिली.

पाठ केल्यावर समोर आलं ते बदक.

ते चिनी मातीचं होतं, गुडघ्याइतकं उंच, जांभळ्या पिसांचं. त्याने तोंड आ वासलं होतं, कारण त्या तोंडात छत्र्या ठेवायच्या होत्या. एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा वर बसवलेला. एकूण चेहरा असा, की ह्या बदकाला नुकतीच कोणीतरी वाईट बातमी सांगितली असावी.

"वा!" आई खणखणीत आवाजात म्हणाली. "काय बदक आहे!"

भिंगरी चमकली. "तुला आवडलं?"

"फार!" आई गरजेपेक्षा बरंच मोठ्याने म्हणाली आणि बदकाच्या डोक्यावरून हात फिरवू लागली. दुकानदारीणबाई स्टुलावरून उतरून आल्या. त्यांनी बदकाचा आकडा दाबून दाखवला. आईने खेदाने मान हलवली, बदकाकडे प्रेमाने पाहिलं, आणि मग सहज, जाता जाता दिसलं म्हणून विचारावं तसं सेटकडे बोट केलं. "आणि हे काय?"

बाईंनी आकडा दाबला. आई हसली. कुणी फर्मास विनोद सांगितल्यासारखी हसली. मग बाईंच्या गळ्यातला कॅल्क्युलेटर तसाच ओढून तिने आपला आकडा दाबला. बाईंनी छातीला हात लावला.

"अहो, कडा बघा जरा. इथे रंग उडालाय," आई मराठीत म्हणाली.

बाई त्यांच्या भाषेत भराभरा काहीतरी म्हणाल्या.

"ते ठीक आहे हो, पण कप केवढेसे! दोन घोटांत चहा संपला, मग पाहुणा तोंडाकडे बघत बसणार."

बाईंनी त्यावर हात ओवाळून लांबलचक उत्तर दिलं. दोघींना एकमेकींचा शब्दन् शब्द कळत होता. भिंगरीला परकीय भाषा येत होत्या, पण तिथे मध्ये बोलायला तिला जागाच मिळेना. शिवाय तिला लाज वाटत होती.

"आई, असं घासाघीस नको करूस. ह्या कपामागे कुणाचे तरी हात आहेत."

"हात आहेत, तोंडही आहे. बघतेयस ना कशी बोलतेय ती? तू थांब जरा."

बोलता बोलता आई सारखी दाराकडे बघत होती. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. भिंगरीला भरून आलं. इतकी वर्षं! इतकी भीती!

"आई," ती आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "दाराकडे बघू नकोस. कुणी नाहीये तिथे."

"तेच तर," आई म्हणाली आणि एक सुस्कारा सोडला. मग तिने कप खाली ठेवला, चेहरा पाडला, आणि दुकानदारीणबाईंना नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "शी, मला नकोच हा सेट. जाऊ दे. चल, उशीर होतोय."

आणि ती चालू लागली. अगदी हळू, रेंगाळत.

भिंगरी जागच्या जागी खिळली. बाबा तिकडे जहाजावर होते, आणि त्यांचं वाक्य इथे आईच्या तोंडून आलं! साखळी कुणी बांधायची गरजच उरली नव्हती, आईच ती पायात घालून फिरत होती! (हा मुद्दा निबंधात राहून गेला होता.) तिचे डोळे डबडबले. तिकडे दुकानदारीणबाईंनी आईला बोलवायला हात वर केला होता, हाक ओठांवर आली होती. तेवढ्यात भिंगरी त्यांच्यासमोर उभी राहिली.

"द डक," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

तिने बदकाचा पहिला सांगितलेला आकडा पुरा दिला, वर कारागिरांसाठी म्हणून आणखी दिले. बाईंचा वर गेलेला हात सावकाश खाली आला. त्यांनी बदक कागदात गुंडाळलं, दोरी बांधली, भिंगरीचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला, आणि ती बाहेर पडताच दुकानाचं शटर खाली ओढलं. एवढी विक्री झाल्यावर त्या दिवशी आणखी बसायचं त्यांना काही कारणच उरलं नव्हतं.

आई कोपऱ्यावर उभी होती, प्लॅस्टिकच्या बादल्या बघायचं सोंग करत. भिंगरी बदक लेकरासारखं छातीशी धरून आली. आई तिच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"ती बाई काही म्हणाली का? हाक वगैरे मारली का मला?"

"नाही."

"आणि हे काय आहे?"

"तुझं बदक!" भिंगरीचा चेहरा उजळला होता. "पूर्ण किंमत दिली. एका शब्दाने कमी कर म्हटलं नाही. आई, तुला जे आवडलं ते आज तुझं आहे."

आई जवळच्या एका उलट्या बादलीवर बसली.

"आई? काय झालं?"

"आनंद झाला गं," आई म्हणाली. तिची नजर शटरवर होती.

पुढे दिवसभर दोघी हिंडल्या. बदकाचं वजन तासागणिक वाढत गेलं. भिंगरी विचारायची, "हे आवडलं? ते आवडलं?" पण आईला कशातच रस दिसेना. एका दुकानात तर तिने डोळेच मिटून घेतले. (आवडलंय असं चेहऱ्यावर दिसलं तर लेक ते विकत घेईल, ह्या धास्तीने आई वागत होती हे भिंगरीला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र तिला वाटलं, स्वातंत्र्याची सवय व्हायला वेळ लागतो.) टॅक्सीत बदक मध्ये बसलं. जहाजावर चढताना सुरक्षारक्षकाने टॉर्च लावून त्याच्या घशात पाहिलं. जिन्याशी जहाजाचा फोटोग्राफर होता, त्याने हसायला सांगितलं. भिंगरी हसली. आईने गॉगल लावला.

केबिनमध्ये बाबा पलंगावर बसले होते. अंगात तोच विटका शर्ट. आपत्काळी काय करावे ही दारामागची सूचना दिवसभरात त्यांची बहुधा पाठ झाली असावी.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"बदक आहे बाबा. आईने घेतलं, स्वतःच्या मनाने."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं.

"तोंड मोठं आहे," बाबा म्हणाले.

"छत्र्या ठेवायला."

"आपल्याकडे किती आहेत छत्र्या?"

"एक," आई म्हणाली.

भिंगरी अंघोळीला गेली. जहाजातल्या भिंती कार्डबोर्डच्याच म्हणायच्या. तिने तोंडाला साबण लावला, नळ बंद केला, तोच पलीकडून आईचा दबका आवाज आला.

"सेट होता हो एक. असा पातळ, की उजेडात धरला तर बोट दिसावं. मी नेहमीसारखं तिला बदकात गुंतवलं..."

"बरोबर."

"मग सेटला नावं ठेवली. सगळं जमत आलं होतं. पण आठ्या घालायला दारात कुणी हवं ना! मी सारखी बघतेय दाराकडे. शेवटी म्हटलं, आपणच म्हणावं चल म्हणून. पण आपणच आपल्याला ओढून नेता येतं होय? कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. म्हटलं आता हाक येईल, मग येईल. तर ती बया तिकडे बदक गुंडाळतेय!"

"म्हणजे तिने आमिषच विकत घेतलं?"

"पुऱ्या किमतीला!"

पलंग करकरला. बाबा हसत होते, आवाज न करता, अंग गदगदून. मग आईही. बराच वेळ नुसता पलंगाचा आवाज.

"सांगितलं नाहीस तिला?"

"कसं सांगू? इतकी खूश होती हो पोरगी. आणि हा शर्ट काय अजून अंगावर? खास बाजारासाठी म्हणून आणला होतात ना?"

"सकाळी घातला होता. म्हटलं, असू दे."



"आणि पोट कसं आहे आता तुमचं?"

"पोटाला काय झालंय?"

आत भिंगरीच्या डोळ्यांत साबण गेला होता. तिने तो पुसला नाही. ती वाट बघत होती. आता बाबा सांगतील: तुझ्या लेकीने मला बंदी घातली होती म्हणून.

"हां, पोट," बाबा म्हणाले. "सकाळी जरा धरलं होतं. आता बरं आहे."

भिंगरीने नळ सोडला, चांगला मोठा सोडला. रस्त्यात थांबलेले बाबा, मागे गेलेली आई, पिशवी घेऊन येणारी आई. तिच्या लहानपणीचं ते सगळं दुःख त्या दोघांनी मिळून बसवलेलं नाटक होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना परक्या शहरात प्रयोग मिळाला होता. तो तिने रद्द केला होता. आणि वर नायकाला तोंडावर काय काय सुनावलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "बाबा..."

"चल जेवायला," बाबा उठत म्हणाले. "उशीर होतोय."

ह्या वेळी खरोखरच होत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारी बाजूंना पाणीच पाणी. भिंगरी सगळ्यांच्या आधी उठून रिसेप्शनवर गेली आणि जहाज आता कुठे थांबेल म्हणून विचारलं. तिथल्या मुलीने गोड हसून सांगितलं, तुमच्या घरी. शहर मागे पडलं होतं. त्या दुकानाचं शटर आता उघडलं असेल, सेट तिथेच असेल, उजेडात धरावेत असे कप. भिंगरी रेलिंगपाशी उभी राहिली. माफी मागावी तर आईपुढे बाबांचं पोट उघडं पडत होतं. न मागावी तर घास उतरत नव्हता.

जहाजाच्या खालच्या मजल्यावर एक दुकान होतं. दारावर पाटी: 'एकच भाव.' काचेच्या कपाटात चहाचा सेट होता, जाडजूड कपांचा, प्रत्येक कपावर जहाजाचं चित्र. कालच्या सेटपुढे अगदीच दगड. भिंगरी बराच वेळ काचेसमोर उभी राहिली. मग आत जाऊन तिने विक्रेतीला बाजूला घेतलं आणि कुजबुजत सांगितलं: थोड्या वेळाने एक बाई येतील, हसतील, नावं ठेवतील. एक गृहस्थ दारातून त्यांना ओढून नेतील. ते वळले की हाक मारा आणि त्या म्हणतील त्या भावाला देऊन टाका. उरलेले पैसे मागाहून मी भरते.

"तुम्ही बऱ्या आहात ना?" विक्रेतीने काळजीने विचारलं.

नाश्त्याला भिंगरी म्हणाली, "आई, खाली एक चहाचा सेट आहे. मला ते भावाचं काही कळत नाही. तुम्ही दोघं बघून याल का?"

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबा उठले, केबिनमध्ये गेले आणि विटका शर्ट घालून आले. आईने घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

भिंगरी टी-शर्टांच्या स्टँडमागे लपून बघत होती. आई आत शिरली, सेटकडे पाठ केली आणि एका टोपीवर जीव लावून बसली. मग जाता जाता सेट. मग हसू. मग रंग, मग कान, मग कपाचा आकार. दारात बाबा प्रकटले. कपाळाला आठ्या.

"चल, उशीर होतोय!"

(मैलोन्मैल समुद्र. उशीर नेमका कुठे होत होता हे त्यांनाच ठाऊक.)

आईने चेहरा पाडला आणि निघाली. लहानपणी भिंगरी हे खालून, पाठीमागून बघायची. आज तिला पहिल्यांदाच समोरून दिसलं: आठ्यांखाली बाबांच्या मिशा थरथरत होत्या, आणि आईने दोन बोटांनी त्यांची बाही घट्ट धरली होती.

दोघं दहा हात गेले. हाक आली नाही. विक्रेती दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाला अत्तर हुंगवत होती. बाबांचा वेग कमी झाला. आईचाही. लिफ्ट जवळ येत चालली. भिंगरीने स्टँडमागून आधी बोट दाखवलं, मग दोन्ही हात हलवले, मग अख्खा टी-शर्ट फडकवला.

"मॅडम! मॅडम, थांबा!"

बाबा भिंतीवरचा नकाशा वाचायला थांबले. आई मोठ्या अनिच्छेने वळली.

केबिनमध्ये येऊन तिने खोकं टेबलावर ठेवलं तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. "पाटी लावलीय म्हणे एकच भाव! बघ, अर्ध्यात आणला. असं घ्यायचं असतं. तू असतीस तर मुकाट्याने सगळे पैसे भरून आली असतीस."

बाबा भिंगरीकडे बघत होते. ओठांच्या कोपऱ्याशी काहीतरी होतं. 

खरं बोलायचं म्हणजे बोलायचंच. भिंगरीच्या जिभेवर सगळं अगदी टोकापर्यंत आलं. कोपऱ्यात बदक आ वासून उभं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्या क्षणी ठरवलं की बाजारातलं आपल्याला काडीचं कळत नाही, हे आपण आयुष्यभर, न चिडता, मान्य करायचं.

"हो गं आई," ती म्हणाली. "मला कुठे जमतं!"

बदकाचं तोंड उघडंच होतं. तिने आपलं मिटलं.